निवृत्ती खात्यातील नुकसानभरपाई आणि अमेरिकी करकायदा

कंपनीने हिशेबात केलेला घोटाळा, म्युच्युअल फंडातील गैरव्यवहार किंवा दलालाचा बेजबाबदार सल्ला यांमुळे नुकसान सोसलेल्या गुंतवणूकदारांना अमेरिकेत अनेकदा न्यायालयीन तडजोडीतून भरपाई मिळते. ही गुंतवणूक निवृत्ती खात्यातून केलेली असल्यास भरपाई करपात्र ठरणार की नाही, हे प्रामुख्याने ती कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत जमा झाली यावर अवलंबून असते. अमेरिकेत नोकरी केलेल्या अनेक मराठी कुटुंबांची अशी खाती असल्याने हा नियम त्यांनाही माहीत असणे आवश्यक आहे.

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे प्रकरण भारतीय वाचकांच्या परिचयाचे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी या कंपनीतील घोटाळा उघडकीस आला, तेव्हा तिचे एडीआर न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेले होते. तेथील गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा दाखल केला. २०११ मध्ये कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलर, तर लेखापरीक्षक असलेल्या प्राइस वॉटरहाऊस गटाच्या संस्थांनी २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन हा दावा मिटविला. अशा दाव्यात साध्या खात्यातून शेअर घेणारे आणि निवृत्ती खात्यातून घेणारे, असे दोन्ही प्रकारचे दावेदार असू शकतात. दोघांना समान रक्कम मिळाली तरी तिचा करविचार मात्र वेगळा होतो.

मूळ सूत्र

अमेरिकी कायद्यानुसार कोणत्याही मार्गाने मिळालेली प्राप्ती, विशेष सूट नसल्यास, उत्पन्न मानली जाते. शारीरिक इजेच्या भरपाईला अशी सूट आहे; गुंतवणुकीतील नुकसानीच्या भरपाईला ती नाही. मात्र भरपाई ज्या गोष्टीच्या बदल्यात मिळाली, तिचेच करस्वरूप भरपाईला प्राप्त होते, हे तत्त्व रेथिऑन कंपनीच्या १९४४ च्या खटल्यापासून प्रस्थापित आहे. त्यामुळे साध्या खात्यातील शेअरची भरपाई सर्वसाधारणपणे भांडवली हिशेबात धरली जाते. निवृत्ती खात्यातील शेअरची भरपाई ही त्या खात्यातून नाहीशी झालेल्या पैशाची जागा घेते. म्हणून ती खात्यात परत गेल्यास त्या वेळी कर लागत नाही. मालकाच्या हाती राहिल्यास ती खात्यातून काढलेली रक्कम ठरू शकते.

नोकरीतील योजना

मालकाने चालविलेल्या ४०१(के) सारख्या योजनेत भरपाई बहुधा थेट योजनेच्या विश्वस्तांकडे जाते. अशा योजनांत दरवर्षी भरावयाच्या रकमेवर मर्यादा असल्याने भरपाई ही नवी वर्गणी मानायची काय, असा प्रश्न निर्माण होत असे. अमेरिकी महसूल विभागाने २००२ मध्ये काढलेल्या निर्णय क्रमांक २००२-४५ ने त्याचे उत्तर दिले. विश्वस्ताने कर्तव्यभंग केल्याबद्दल दायित्वाचा वाजवी धोका असेल आणि त्यातून झालेले नुकसान भरून काढण्यासाठी रक्कम दिली गेली असेल, तर ती वर्गणी नसून 'पुनर्स्थापक भरणा' समजली जाते. नुकसानीपेक्षा अधिक दिलेली रक्कम किंवा केवळ बाजार घसरल्यामुळे मालकाने स्वेच्छेने घातलेली भर या व्याख्येत बसत नाही.

म्युच्युअल फंडांतील उशिरा नोंदविलेल्या सौद्यांचे घोटाळे २००३ मध्ये उघडकीस आले. त्यांच्या तडजोडींचा पैसा योजनांकडे येऊ लागल्यावर, त्याची वाटणी करताना विश्वस्तांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे मार्गदर्शन अमेरिकी कामगार खात्याने २००६ मध्ये केले.

वैयक्तिक खाते व ६० दिवसांची मुदत

वैयक्तिक निवृत्ती खाते, म्हणजे आयआरए, असणाऱ्यांची अडचण अधिक नाजूक आहे. येथे धनादेश कधी खाते सांभाळणाऱ्या कस्टोडियनच्या नावाने येतो, तर कधी थेट खातेदाराच्या नावाने. कस्टोडियनकडे आलेली रक्कम खात्यात जमा होते. खातेदाराच्या हाती आलेली रक्कम ६० दिवसांत आयआरएमध्ये भरल्यास ती करमुक्त हस्तांतरण, म्हणजे 'रोलओव्हर', मानता येईल, असे महसूल विभागाने अनेक खातेदारांना दिलेल्या खासगी निर्णयपत्रांत म्हटले आहे. मात्र अशी पत्रे केवळ मागणाऱ्या करदात्यापुरती लागू असतात. इतरांना ती पूर्वनिर्णय म्हणून पुढे करता येत नाहीत. मोठ्या रकमेच्या बाबतीत करसल्लागाराचे लेखी मत घेणे इष्ट ठरते, ते याच कारणाने.

मुदत चुकल्यास होणारे नुकसान उदाहरणाने स्पष्ट होईल. ५९ वर्षे ६ महिने पूर्ण न झालेल्या आणि २४ टक्के करटप्प्यात असलेल्या खातेदाराला पारंपरिक आयआरएतील शेअरपोटी १० हजार डॉलर मिळाले आणि त्याने ते स्वतःकडेच ठेवले. ही रक्कम खात्यातून काढलेली मानली गेल्यास २,४०० डॉलर प्राप्तिकर आणि मुदतपूर्व रकमेवरील १० टक्के दराने १,००० डॉलर असा ३,४०० डॉलरचा बोजा केंद्रीय करापुरताच पडतो. खात्यात पैसा भरताना 'रोलओव्हर' असे न लिहिल्यास दुसरी आपत्ती ओढवते. ती वार्षिक वर्गणी समजली जाऊन मर्यादा ओलांडली जाते आणि जादा रक्कम खात्यात राहील तोवर दरवर्षी ६ टक्के दंडकर लागतो. ५० वर्षांखालील खातेदारासाठी ही मर्यादा २०२५ या वर्षी ७ हजार डॉलर होती.

टपालातील चूक, गंभीर आजार, कुटुंबातील मृत्यू किंवा वित्तसंस्थेची चूक अशा ठरावीक कारणांनी ६० दिवस उलटल्यास खातेदाराला स्वतः लेखी प्रमाणपत्र देऊन उशिरा रक्कम भरण्याची सोय २०१६ पासून उपलब्ध आहे. नियम माहीत नव्हता, हे कारण त्या यादीत नाही.

मायदेशी परतलेल्यांसाठी

भारतात कायम वास्तव्यास आलेल्या खातेदाराचा धनादेश जुन्या पत्त्यावरून फिरत येण्यात बरेच दिवस जाऊ शकतात. तो येथील बँकेत वटवून पैसे वापरणे सोपे असले, तरी त्यामुळे अमेरिकेतील करलाभ गमावण्याचा धोका असतो. शिवाय भारताचा सामान्य निवासी झालेल्या व्यक्तीचे परदेशातील उत्पन्नही येथे करपात्र असते. निवृत्ती खात्यावर दोन देशांत वेगवेगळ्या वर्षी कर लागू नये म्हणून २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९-अ घातले. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील खात्यांसाठी अर्ज क्रमांक १०-ईई भरून या सवलतीचा पर्याय स्वीकारण्याची तरतूद त्यासाठी करण्यात आली.

तडजोडीची नोटीस येताच दाव्याच्या अर्जात शेअर कोणत्या खात्यात होते ते नमूद करावे आणि धनादेश कस्टोडियनच्या नावाने मागावा. तो स्वतःच्या नावाने आल्यास मिळाल्याची तारीख टिपून ठेवावी. रक्कम भरताना सोबत लेखी सूचना द्यावी आणि तडजोडीचा करार, खात्याची जुनी विवरणे व पोचपावती जपून ठेवावी. पुढे कधी महसूल विभागाने विचारणा केलीच, तर हा पैसा निवृत्ती खात्याचाच होता, हे याच कागदांवरून सिद्ध करता येते.