नाडीसारखी विणलेली जाळी

आमच्या नंदुरबारकडे कुणाच्या छातीत कळ आली, की घरची माणसं पुष्कळदा सुरतेची वाट धरतात. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तो मागे टाकून गाडी पुढे जाते. माझ्या मामांना 2014 साली असंच नेलं. परत आल्यावर ते जो भेटेल त्याला सांगत, "आत स्प्रिंग टाकलीय."

मामांचा स्टेंट काही स्प्रिंग नव्हता. तो फुग्याने फुगवून बसवलेला. पण माणसाच्या हृदयात बसलेला पहिला स्टेंट खरोखर स्प्रिंगच्या जातीचा होता.

ग्रुंटझिग यांनी 1977 साली झुरिकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली. पण उघडलेली वाहिनी कधी कधी लगेच मिटे. तिला आतून टेकू हवा होता. लेंग्याची सुती, पोकळ विणीची नाडी आठवा. ताणली की लांब आणि बारीक होते, टोकं जवळ आणली की आखूड आणि रुंद. हान्स वॉलस्टेन या स्वीडिश अभियंत्याने पोलादी तारांची अशीच जाळी केली. ती ताणून बारीक नळीत कोंबायची, नेमक्या जागी न्यायची आणि वरचं आवरण मागे ओढायचं. जाळी आपोआप फुलते. 28 मार्च 1986 रोजी तुलूझ इथे झाक प्युएल यांनी ती प्रथम हृदयाच्या वाहिनीत बसवली.

पण रक्ताला परका धातू सोसत नाही, ते गोठतं. 1991 साली 105 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 24 टक्क्यांची जाळी पूर्ण बंद पडली होती! मग तांबड्या पेशीच्या बाह्य आवरणात जे फॉस्फोरिलकोलीन असतं, त्याचं पॉलिमर करून धातूवर चढवलं गेलं. परक्याला घरचा सदरा घातला म्हणा ना. पुढे पॉलिमरच्या लेपात औषध भरलं. कायमचा लेपही काहींना बाधू लागला, तेव्हा विरघळणारे लेप आले. असे स्टेंट सुरतेतही तयार होतात. हिऱ्यांच्या लेसर यंत्रांच्या धंद्यातूनच तिथे हा कारखाना निघाला.

विणलेली जाळी हृदयात मागे पडली, पण कर्करोगाने बुजलेल्या अन्ननलिकेत आणि मेंदूतल्या फुगलेल्या धमनीत ती आजही वापरतात.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली, साध्याची 7,260. मामांची पावती त्याआधीची, एकट्या स्टेंटचे लाखावर. ती अजून ट्रंकेत आहे. त्या साली विकलेल्या बैलजोडीच्या चिठ्ठीला टाचलेली.