निषेधाच्या ठरावाचें मोल

एखाद्या परकीय राजवटीच्या जुलुमाचा कायदेमंडळानें किंवा राष्ट्रांच्या सभेनें निषेध केला, कीं सुशिक्षित वाचक वर्तमानपत्राची घडी घालतां घालतां विचारतो, 'ठरावानें कधीं तुरुंगाचें दार उघडलें आहे काय?' प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शोधावयास आम्हांस दूर जावयास नको. गोव्याचा इतिहास पुरेसा आहे.

१८ जून १९४६ रोजीं मडगांवीं डॉ. राममनोहर लोहिया यांनीं सभाबंदी मोडली. त्याच वर्षीं टी. बी. कुन्हा यांस आठ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यांत झाली. मे १९५५ मध्यें सेनापति बापट व ना. ग. गोरे सत्याग्रही घेऊन सरहद्दीपार गेले. जुलैंत पंडित नेहरूंनीं दिल्लींतील पोर्तुगीज वकिलात बंद करण्याचा निर्णय लोकसभेंत जाहीर केला. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि मागणी तरी कोणती? बोलण्याची, सभा भरविण्याची, आपला कारभार आपण पाहण्याची!

लिस्बनच्या सरकारचें उत्तर मासलेवाईक होतें. १९५१ मध्यें त्यानें राज्यघटनेंतून 'वसाहती' हा शब्दच काढून त्या जागीं 'सागरापलीकडील प्रांत' असें लिहिलें होतें. १९५५ च्या डिसेंबरांत पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. मग सनदेच्या अकराव्या प्रकरणास अनुसरून परतंत्र मुलुखांविषयीं विचारणा होतांच, आपल्याकडे असा मुलूखच नाहीं, असें त्यानें कळविलें. नांव बदललें, कीं पारतंत्र्य संपलें!

ही युक्ति मात्र ठरावानेंच हाणून पाडली. १५ डिसेंबर १९६० रोजीं आमसभेनें अंगोला, मोझांबिक, तिमोर यांच्या जोडीनें गोव्यासही परतंत्र मुलुखांच्या यादींत घातलें. पुढच्या वर्षीं पोर्तुगालच्या कर्तव्यच्युतीचा तिनें स्पष्ट धिक्कार केला. त्या ठरावाची तारीख १९ डिसेंबर १९६१. नेमक्या त्याच दिवशीं गोव्यांतील पोर्तुगीज फौज भारतीय सैन्यास शरण आली.

तेव्हां गोवा ठरावानें सुटला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. आणखीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आदल्याच दिवशीं सुरक्षा समितीपुढें भारतानें सैन्य मागें घ्यावें असा ठराव आला होता. अकरांपैकीं सात मतें त्याच्या बाजूस पडलीं. तो अडला तो रशियाच्या नकाराधिकारामुळें. त्या दिवशीं शांतताभंगाचा आरोप आमच्यावर होता. पहिला ठराव अभिमानानें सांगावा आणि दुसरा हळूच वगळावा, हें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

अंगोला-मोझांबिकच्या मदतीस असें शेजारचें सैन्य धांवलें नाहीं. त्यांस वर्षानुवर्षें लढावें लागलें, आणि १९७४ सालीं खुद्द पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यावर १९७५ मध्यें तीं स्वतंत्र झालीं. परंतु त्या सर्व काळांत, ते पोर्तुगालचे प्रांत आहेत, हें म्हणणें जगानें मान्य केलें नाहीं.

ठराव बेडी तोडीत नाहीं; पण बेडीस दागिना म्हणूं देत नाहीं. एवढें मोल त्याचें खचित आहे. मात्र ज्या मापानें दुसऱ्यास मोजावयाचें, तेंच माप स्वतःसही लावण्याची तयारी निषेध करणारानें ठेविली पाहिजे.