निळ्या पाकळ्यांचा हिशेब

फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव काढले की मराठी वाचकाला हटकून दिवा आठवतो. रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका हे चित्र इतके पक्के बसले आहे की त्याच बाईंनी पुढे वर्षानुवर्षे मृत्यूंचे तक्ते मांडले, हे कोणाच्या गावीही नसते. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. या लेखात दिवा बाजूला ठेवून त्यांच्या एका आकृतीकडे पाहायचे आहे.

माझा धंदा अक्षरजुळणीचा आणि मांडणीचा. फोटोशॉप, पुढे गिम्प आणि इंकस्केप, ही सगळी अवजारे मी पुस्तके उघडून आणि बटणे दाबून शिकलो. हल्ली ज्याला इन्फोग्राफिक म्हणतात, ते गिऱ्हाईक दर आठवड्याला मागते. 'आकडे आहेत, जरा छान चित्र करून द्या,' अशी मागणी असते. त्या 'छान' शब्दाचा छडा लावता लावता मी मागे मागे जात राहिलो आणि १८५८ सालापाशी थांबलो.

त्याआधीही आलेख होते. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली आयात-निर्यातीच्या रेघा आणि स्तंभ काढले, १८०१ साली वर्तुळ कापून त्याचे भाग दाखवले. विल्यम फार या जन्ममृत्यू-नोंदणी खात्यातल्या आकडेतज्ज्ञाने १८५२च्या कॉलरा-अहवालात वर्षाचे आठवडे वर्तुळाभोवती मांडले. नाइटिंगेलबाईंना आकड्यांच्या कामात मोठा आधार होता तो या फारचाच. तेव्हा वर्तुळाची कल्पना बाईंची नव्हे. त्यांची आहे ती गरज, आणि त्या गरजेने आकृतीला दिलेली धार.

गरज अशी. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज शिपाई गोळीने कमी आणि हगवण, कॉलरा, ज्वर यांनी जास्त मेले. बाई नोव्हेंबर १८५४ मध्ये कॉन्स्टंटिनोपलसमोरच्या स्कुटारीला पोचल्या, तेव्हा तिथल्या बराकीतल्या इस्पितळाखालची गटारे तुंबलेली होती. १८५६ साली त्या परतल्या, चौकशी समिती नेमली गेली, जाडजूड अहवाल तयार झाला. अहवालाची परिशिष्टे शास्त्रज्ञांखेरीज कोणी उघडत नाही, हे बाई ओळखून होत्या. राणी, मंत्री आणि सेनापती यांच्या डोळ्यांत भरेल असे काही हवे होते.

म्हणून त्यांनी दोन वर्तुळे काढली. एकेका वर्तुळात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी ३० अंशांची. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांच्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. उजवीकडचे वर्तुळ एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चे, डावीकडचे त्यापुढच्या वर्षाचे. जानेवारी १८५५ ची पाकळी पाहावी. त्या महिन्यात फौज होती सुमारे ३२,४०० आणि रोगाने मेले २,७६१. जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. युद्धात लढाईने माणसे मरतात, हा समज त्या एका निळ्या पाकळीपुढे टिकत नाही.

ही आकृती मी संगणकावर पहिल्यापासून काढून पाहिली. नुसते पाहून जे कळत नाही ते काढताना कळते. आकडा पाकळीच्या लांबीत नाही, क्षेत्रफळात आहे. २,७६१ हा आकडा ८३ च्या ३३ पट. म्हणून निळ्या पाकळीची लांबी लाल पाकळीच्या पावणेसहा पटींहून किंचित जास्त ठेवायची, ३३ पट नव्हे. लांबीच ३३ पट केली तर क्षेत्रफळ अकराशे पटींवर जाते आणि डोळा क्षेत्रफळच पाहतो. बाईंच्या आधीच्या एका आकृतीत, वटवाघळाच्या पंखासारखी दिसणारी म्हणून जी ओळखली जाते तिच्यात, मोजमाप केंद्रापासूनच्या लांबीत होते. त्याने अर्थाचा अनर्थ होतो हे ध्यानात आल्यावर चूकदुरुस्तीची चिठ्ठी घातली गेली आणि पुढच्या आकृतीवर क्षेत्रफळे केंद्रापासून मोजावीत असे स्पष्ट छापले गेले. आजही दुप्पट उत्पादन दाखवायला दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद पोते काढतात. ते पोते कागदावर चौपट होते. सॉफ्टवेअरला त्याचे काही वाटत नाही. कोपरा धरून ओढला की ते दोन्ही बाजूंनी वाढते.

दुसरी गोष्ट थरांची. तिन्ही पाकळ्या एकाच केंद्रातून निघतात, एकमेकींवर बसतात. फोटोशॉपमध्ये ज्याला लेयर म्हणतात तोच हा प्रकार, आणि लहान पाकळी नेहमी वरच्या थरात हवी, नाहीतर ती झाकली जाते. जानेवारी १८५५ मध्ये लाल सर्वांत लहान, म्हणून ती वर. नोव्हेंबर १८५४ मध्ये मात्र इंकरमनच्या लढाईमुळे जखमांनी मेलेले २८७ आणि इतर १०६, म्हणजे काळी लहान. तिथे बाईंनी लाल पाकळीवर नुसती एक काळी रेघ ओढली आणि तिचा अर्थ बाजूला लिहिला. ऑक्टोबर १८५४ मध्ये काळी आणि लाल नेमक्या एकीवर एक येतात, तेही लिहिले. वाचक कुठे अडखळेल याचा एवढा विचार रंगांची हौस भागवणारा करत नाही.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे. स्वच्छता-मंडळ मार्च १८५५ मध्ये स्कुटारीला आले. गटारे धुतली, खिडक्या उघडल्या. दोन वर्तुळांमधली फट नेमकी त्याच महिन्याच्या अखेरीस आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, आधी मरण होते, मग मंडळ आले आणि मरण थांबले. पण आकडे वाचा. जानेवारीत २,७६१, फेब्रुवारीत २,१२०, मार्चमध्ये १,२०५. उतार मंडळाच्या आधीच सुरू झाला होता. कडाक्याचा हिवाळाही सरत होता. मग ही लबाडी म्हणायची का? माझ्या मते नाही. पहिल्या वर्तुळाच्या शेवटच्या पाकळ्या लहान होत जाताना तिथेच दिसतात, कोणी लपवलेल्या नाहीत. एप्रिलमध्ये ४७७ आणि पुढच्या जानेवारीत, फौज मोठी असूनही, ४२ ही घसरण नुसत्या ऋतूने होत नाही. तरी कात्री कुठे लावायची हे त्या आकड्यांनी ठरवले नाही, बाईंनी ठरवले. आणि त्या कोणाची बाजू मांडत होत्या हे विसरून ती आकृती वाचू नये.

मला स्वतःला त्यांची साधी आकृती अधिक आवडते. नुसते आडवे पट्टे. २० ते २५ वयाच्या हजार इंग्रज पुरुषांत वर्षाला ८.४ मरतात, त्याच वयाच्या हजार शिपायांत १७. तेही युद्धकाळात नव्हे, शांततेत, मायदेशच्या बराकींत. शिपाई भरती होतो तो निवडून घेतलेला, धडधाकट. तरी मरतो दुपटीने. दोन पट्टे, एक काळा आणि एक लाल, आणि दुसरा पहिल्याच्या दुप्पट. अशा चित्राला कोणी 'छान' म्हणणार नाही आणि म्हणूनच बहुधा ते कोणी छापत नाही.

हिंदुस्थानचा संबंध पुढे येतो. १८५९ साली इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. बाई इथे कधीच आल्या नाहीत. छावण्या-छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. १८६३ च्या अहवालात मृत्यूचे प्रमाण निघाले हजारी ६९. या वेळी बाईंनी आपल्या टिपणात चित्रे घातली, पाणी कसे ओढतात, कसे वाहून नेतात यांची, त्यांची नातलग हिलरी बोनहॅम कार्टर हिने काढलेली. सरकारी खजिन्याने खर्चावरून कुरकुर केली तेव्हा छपाईचा खर्च आपण देऊ असे बाईंनी कळवले. दहा वर्षांनी हजारी ६९ चे १८ झाले होते.

त्यानंतर त्यांचे लक्ष फौजेवरून रयतेकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार झाला, मुंबई इलाख्याच्या ग्रामस्वच्छतेच्या कायद्यात त्यांनी लक्ष घातले. वाचता न येणाऱ्या माणसापुढे तक्ता काय आणि पाकळी काय, दोन्ही मुकेच. म्हणून १८९४ च्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी सुचवले की खेडोपाडी आरोग्याची व्याख्याने द्यावीत आणि घाण पाण्यातले जीव जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखवावेत. त्याच दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन रंगवलेल्या काचा घेऊन शांबरिक खरोलिकेचे खेळ करीत होते. त्यांच्या पडद्यावर रामायण-महाभारत हलत होते.