भाड्याची मोटार आणि दोन देशांचा विमानतळ

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा म्हणून जो विमानतळ प्रसिद्ध आहे, तो बाझेलमध्यें नाहीं आणि स्वित्झर्लंडमध्येंही नाहीं. तो सर्वस्वीं फ्रान्सच्या भूमीवर, आल्सास प्रांतांतील सें-लुई गांवाच्या शेजारीं वसलेला आहे. विमानांतून उतरलेला प्रवासी इमारतीच्या एका बाजूनें बाहेर पडला तर फ्रान्सच्या जकातीच्या हद्दींत येतो. दुसऱ्या बाजूनें पडला तर स्वित्झर्लंडच्या. दोन्ही बाजूंस भाड्यानें मोटारी देणाऱ्या कंपन्यांच्या खिडक्या आहेत. एकीकडे मिळणाऱ्या गाडीस फ्रेंच नंबर, दुसरीकडे मिळणाऱ्या गाडीस स्विस. नवख्या प्रवाशास वाटतें, दोहोंतील जी स्वस्त ती घ्यावी. हा हिशेब पुष्कळदां कां फसतो, हें समजण्यास मोटार आणि सरहद्द यांचा संबंध मुळापासून पाहिला पाहिजे.

मोटार प्रथम युरोपच्या रस्त्यांवर आली, तेव्हां जकात अधिकाऱ्याच्या दृष्टीनें ती वाहन नव्हती. तो परदेशांतून आलेला मौल्यवान माल होता. प्रवासी ती परक्या देशांत नेऊन विकणार नाहीं कशावरून? म्हणून सरहद्दीवर अनामत भरावी, पावती सांभाळावी आणि परततांना ती रक्कम मागून घ्यावी, असा क्रम असे. एका सहलींत चार देश पाहूं इच्छिणाऱ्यास ही शिक्षाच होती. ११ ऑक्टोबर १९०९ रोजीं पॅरिस येथें मोटार-वाहतुकीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानें गाडीस सर्वमान्य दाखला मिळाला, धोक्याच्या चार खुणा सर्वत्र सारख्या ठरल्या आणि गाडीच्या पाठीमागें राष्ट्राचीं अक्षरें दाखविणारी लंबवर्तुळाकार पाटी आली. स्विस गाडीवरील 'सीएच' हीं अक्षरें त्या देशाच्या लॅटिन नांवाचीं आद्याक्षरें होत. चालकाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परवाना १९२६ च्या करारानें आला.

जकातीची अडचण मात्र सरकारांनीं नव्हे, मोटार-क्लबांनीं हलकी केली. त्यांनीं 'कार्ने' नांवाची पुस्तिका काढली. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असत: एक गाडी देशांत येतांना फाडून घ्यावयाचा, दुसरा बाहेर जातांना, तिसरा पुस्तिकेंतच राहावयाचा. गाडी परत गेली नाहीं तर जकात भरण्याची हमी क्लबाची. सरकारचा विश्वास क्लबावर, क्लबाचा आपल्या सभासदावर. या सुबक व्यवस्थेच्या तळाशीं एक गृहीत होतें: गाडी जो चालवितो तोच बहुधा तिचा मालक.

भाड्याच्या मोटारीनें नेमकें तेंच गृहीत मोडलें. शिकागो येथें १९१८ सालीं वॉल्टर जेकब्स यानें डझनभर फोर्ड गाड्यांवर हा धंदा आरंभिला. १९२३ सालीं जॉन हर्ट्झनें तो विकत घेतला. युद्धांत वैमानिक असलेल्या वॉरेन एव्हिस यानें १९४६ सालीं डेट्रॉइटजवळील विलो रन विमानतळावर तीन गाड्यांनिशीं दुकान मांडलें. अमेरिकेंत शेंकडों मैल गेलें तरी जकात नाका आडवा येत नाहीं. युरोपांत सकाळच्या प्रवासांत दोन येत.

बाझेलचा विमानतळ त्याच १९४६ सालचा. बाझेल-शहर हा परगणा अवघा ३७ चौरस किलोमीटरांचा. बिर्सफेल्डन येथील जुना तळ वाढविण्यास जागा नव्हती. तेव्हां जमीन फ्रान्सनें द्यावी, बांधणीचा खर्च बाझेलनें सोसावा, असें ठरलें. ८ मार्च १९४६ रोजीं काम सुरू झालें आणि ८ मे रोजीं तात्पुरती धांवपट्टी खुली झाली. युरोपांतील युद्ध थांबल्यास त्या दिवशीं बरोबर एक वर्ष होत होतें. ज्या आल्सासचें स्वामित्व १८७१ पासून पाऊणशें वर्षांत चार वेळां पालटलें, तेथें एका देशानें आपल्या भूमीवर दुसऱ्याचे जकात-शिपाई खुशीनें बसूं द्यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. ४ जुलै १९४९ च्या बर्न येथील करारानें तिला कायम स्वरूप मिळालें. बाझेलहून विमानतळापर्यंत कुंपण घातलेला एक रस्ता आहे. जमीन फ्रान्सची, पण जकातीच्या दृष्टीनें तो स्विस.

त्याच सुमारास एक अधिक गंभीर प्रश्न पुढें आला. परक्या गाडीखालीं एखाद्याचा पाय मोडला आणि गाडी संध्याकाळीं सरहद्दीपार गेली, तर भरपाई कोण देणार? १९४९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगांतील शिफारशींतून विम्याचें 'ग्रीन कार्ड' निघालें व १ जानेवारी १९५३ पासून अंमलांत आलें. अपघात ज्या देशांत होईल तेथील विमा-मंडळानें जखमीस पैसे द्यावे आणि मग गाडीच्या देशाकडून वसूल करावे, ही त्यांतील युक्ति. भाड्याची मोटार सरहद्द ओलांडूं लागली ती या कागदाच्या बळावर. वेग किंवा चांगले रस्ते हीं कारणें दुय्यम.

१२ डिसेंबर २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेंत आलें व सरहद्दीवर पारपत्र नित्य तपासणें बंद झालें. परंतु युरोपीय संघाच्या जकात-संघांत तो देश नाहीं. माणूस मोकळा झाला, मोटार झाली नाहीं. पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्यास याचा जाच सहसा होत नाहीं. तोच त्याचा भाऊ नोकरीनिमित्त जर्मनींत राहात असेल व त्यानें स्विस खिडकीवरून गाडी घेऊन ती संघाच्या हद्दींत मनमुराद फिरविली, तर ती आयात केलेला माल ठरून जकात व कर त्याच्या माथीं बसूं शकतात. कायदा येथें नागरिकत्व पाहात नाहीं, वास्तव्य पाहतो. उलट फ्रेंच खिडकीवरची गाडी स्विस महामार्गावर न्यावयाची तर १९८५ सालीं सुरू झालेला वार्षिक पथकर भरावा लागतो. १९९५ पासून तो ४० फ्रँक आहे. स्विस गाडीवर तो बहुधा आधींच भरलेला असतो.

गाडी परत करतांना तर या भूगोलाची गंमत पुरतीच कळते. स्विस बाजूस घेतलेली मोटार स्विस बाजूसच द्यावी लागते आणि तेथें वाहनास वाट एकच, कुंपणाच्या रस्त्याची. म्हणून म्यूलूझकडून आलेल्या चालकास विमानतळ डोळ्यांसमोर दिसत असतांही तो मागें टाकून सरहद्द ओलांडावी लागते, बाझेलमध्यें वळावें लागतें आणि त्या रस्त्यानें पुनः फ्रान्सच्या भूमीवर यावें लागतें.