रिळाचा ठसा

परातीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवा. आजी नुसतं विचारून सोडत नाही, तळवे उलटेसुलटे करून बघते.

तारीख ३१ ऑक्टोबर १९७५, वार शुक्रवार. लक्ष्मीपूजन तीन दिवसांवर आलंय. तुम्ही दहा वर्षांचे आहात, अर्ध्या चड्डीत, पुण्याच्या एका पेठेतल्या वाड्यात. दोन खोल्यांतल्या मागच्या खोलीत अजून रॉकेलचा वास भरून राहिलाय, कारण चकल्यांचा शेवटचा घाणा आत्ताच निघाला. चिवडा, शंकरपाळे, करंज्या झाल्या. सगळे डबे फळीवर गेलेत, तुमचा हात पोचणार नाही अशा बेताने. राहिली ती नानकटाई.

परातीत डालडा आहे. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागेल. पिठीसाखर म्हणजे रेशनची साखर, चहात अर्धा चमचा कमी घालून साठवलेली, मग खलात कुटून वस्त्रगाळ केलेली. हे वाटीला वाटी असं परातीत पडतं आणि आजी म्हणते, "हं, फेस आता. एकाच बाजूनं फिरव हो, उलटसुलट नको."

पहिली पाच मिनिटं मजा वाटते. दहाव्या मिनिटाला मनगट भरून येतं. तळव्याच्या टाचेखाली साखर करकरते, मग करकर थांबते, पिवळट गोळा पांढरा व्हायला लागतो. "झालं?" तुम्ही विचारता. आजी पाण्याच्या भांड्यात थेंबभर टाकते. तो तळाला जातो. "फेस अजून."

तूप पाण्यावर तरंगतंच, मग हे बुडलं कसं, असं तुम्हाला वाटेल. साखर त्याला खाली ओढते. फेसून फेसून पुरेशी हवा आत कोंडली की मगच गोळी वर येते, आणि तीच हवा पुढे भट्टीत नानकटाईला खुसखुशीत करते. आजी हे असलं काही सांगत नाही. ती फक्त भांडं पुढे सरकवते. तिसऱ्या खेपेला गोळी तरंगते.

मग मैदा, मूठभर बेसन, थोडा रवा, चिमूट सोडा, वेलदोडा, जायफळ. पाण्याचा थेंब नाही. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलंत तर मैद्याला चिवटपणा येतो. "पुरणपोळीची कणीक नव्हे ती," आई म्हणते. तीही या कामात आजीपुढे शिकाऊच आहे, पण तुमच्यावर ओरडायला ती मोकळी आहे.

आता रीळ. आजीच्या शिवणाच्या डब्यातलं, दोरा संपलेलं, लाकडी. प्रत्येक गोळा तळव्यात चपटा केला की त्यावर रिळाचं टोक हलकेच दाबायचं. मधोमध भोकाचा टिंब, भोवती कड्याचं वर्तुळ. वरच्या बिऱ्हाडाचा ठसा सोडावॉटरच्या बाटलीच्या बिल्ल्याचा, समोरच्यांचा किल्लीचा. ही नक्षी निव्वळ हौशेची आहे असं समजू नका.

कारण घरात भट्टी नाही. चुलीवर तळता येतं, उकडता येतं, वाफवता येतं. चहूबाजूंनी कोरडी आच मात्र मिळत नाही. फराळातला हा एकच जिन्नस शेवटच्या पायरीला उंबरा ओलांडून परक्याच्या हातात जातो. म्हणून तर कोपऱ्यातली पणजी याच्याकडे बघतही नाही. तिचा जन्म १८९० चा. त्याच वर्षी टिळक-रानड्यांसारख्यांनी पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, आणि त्या ख्रिस्ती चहावरून उठलेलं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, पुढे दोन वर्षं पुण्यात गाजलं. बेकरीतलं काही तोंडात घालायचं नाही हे पणजीच्या अंगात मुरलंय. आजी मात्र खाते. आणि भट्टीवाल्याला सकाळीच फराळाचं ताट धाडते, न सांगता.

चला, घमेलं सायकलच्या कॅरिअरवर बांधा, वर ओलं फडकं. बेकरीपुढे रांग आहे. पोरं शोलेतला गब्बर करून दाखवताहेत. दोन गृहस्थ आणीबाणीबद्दल काहीतरी बोलतात आणि तिसरा जवळ आला की फटाक्यांच्या भावावर येतात. तुम्हाला काळा पत्रा मिळतो. त्यावर गोळे मांडायचे, मध्ये बोटभर जागा सोडून.

आत भट्टीचा घुमट. लाकडं पेटवून तो तापवलाय, निखारे बाजूला ओढलेत. आता जाळ दिसत नाही, विटाच उष्णता सोडताहेत. आधी पाव भाजून झालेत. त्या कडक आचेत नानकटाई गेली तर वरून करपते, आत कच्ची राहते, म्हणून तिची पाळी उतरत्या आचेला. भट्टीवाले चाचा कागदाचा तुकडा आत सरकवतात. काळा झाला. थांबा. पुन्हा एक. बदामी. "लाव रे!" लांब दांड्याचं लाकडी फावडं पत्रे घेऊन आत जातं.

आणि मग तो वास. जायफळ, भाजलेलं बेसन, लाकडाचा किंचित धूर. रांग क्षणभर गप्प होते.

वीस पत्रे एकदम बाहेर येतात आणि गलका उठतो. "आमचा कुठला?" "ओ काकू, हात नका लावू, पोळेल!" खडूनं लिहिलेली नावं आचेत पुसट झालीत. आता कळलं रीळ कशाला? वर्तुळ पसरलंय, कडेनं चिरा गेल्यात, पण टिंब शाबूत आहे. तुम्ही बोट दाखवता आणि चाचा न वाद घालता पत्रा सरकवतात. लगेच उचलू नका, गरम असताना ती भुगा होते. निवल्याशिवाय डब्यात भरू नका, सादळते. एक मात्र मोडलेली निघतेच. ती आणणाऱ्याची.

ती जिभेवर ठेवा आणि परत या.

आजच्या ओट्यावर ओव्हन आहे, त्यावर आकडे आहेत, कागद जाळावा लागत नाही. तो डालडाही उरला नाही: तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे. साजूक तुपाची नानकटाई चवीला सरस होते, हे आजीसमोर बोललो नसतो, पण खरं आहे. घरच्या ओव्हनमध्ये आपलाच एक पत्रा असतो, ठशाची गरज पडत नाही.

तरी काही गावांतल्या बेकऱ्या दिवाळीत अजून लोकांचं पीठ भाजून देतात. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर यंदा घमेलं घेऊन जा, पाव निघाल्यानंतरची वेळ विचारून. रीळ प्लॅस्टिकचं असलं तरी चालतं. भट्टीत फक्त त्याचा ठसा जातो.