खानदेशच्या मातीचें दफ्तर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. गांवोगांव पायपीट करून आणि माळ्यावरचीं जीर्ण दफ्तरें उलगडून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें बावीस खंडांत प्रसिद्ध केलीं. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ हें त्यांच्या पश्चात् त्याच कार्यासाठीं निघालें. राजवाड्यांच्या साऱ्या खटाटोपावरून एक धडा मिळतो, तो असा कीं, सुटा कागद फार थोडें बोलतो. अनेक कागद कालानुक्रमानें शेजारीं शेजारीं मांडावे तेव्हांच त्यांतून इतिहास उभा राहतो.

त्याच खानदेशांत एक दफ्तर असें आहे कीं, त्याचे कागद अद्याप एकत्र लावलेले दिसत नाहींत. तें कागदाचें नव्हे, मातीचें आहे. गेल्या पाऊणशें वर्षांत जळगांव व धुळें या जिल्ह्यांतील काळ्या वावरांवर पिकांच्या रक्षणासाठीं जीं विषें पडलीं, त्यांतलें किती जिरलें, किती वाहून गेलें, किती अन्नपाण्यावाटे परत घरांत आलें, आणि या सर्वांची बेरीज काय झाली, हा प्रश्न शास्त्राचा तर आहेच. पण माझ्या मतें तो प्रथम इतिहासाचा आहे. तो तसा कां, हें सांगण्याचा येथें यत्न केला आहे.

खानदेश इंग्रजांच्या हातीं इ. स. १८१८ त गेला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली आणि लॅंकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हां आमच्या कापसाचे भाव कडाडले. त्याच सुमारास आगगाडी तापीच्या खोऱ्यांत शिरली आणि कापूस हें खानदेशचें मुख्य नगदी पीक होऊन बसलें. १९०६ सालीं या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी कपाशीचें राज्य दोहोंकडे अबाधित राहिलें. ही कपाशी देशी, आंखूड धाग्याची. तिच्या ओळींमधून तुरीचे पाटे असत. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या उपटून चुलींत जात, आणि त्यांच्याबरोबर दडून बसलेल्या पुष्कळ अळ्याहि जात. तुडतुड्यांचा उपद्रव अमेरिकन जातींच्या मानानें या कपाशीस कमी.

एवढ्यावरून पूर्वींचा काळ सुखाचा होता, असें मात्र कोणीं समजूं नये. बोंडअळी तेव्हांहि होती, मर रोगानें उभीं शेतें वाळत, उतारा बेताचा आणि कर्ज डोईजड असे. भेद इतकाच, कीं त्या काळीं संकटावरचा उपाय बियाण्यांत आणि मशागतींत शोधला जाई. मर रोगाशीं टक्कर देणारी ‘जरीला’ कपाशी खानदेशांत पसरली ती याच मार्गानें.

हा मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतर बदलला. डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण स्विट्झर्लंडांतील पॉल म्यूलर यानें १९३९ सालीं ओळखला. १९४८ सालीं त्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे बंगालमध्यें रिश्रा येथें बी. एच. सी.चा कारखाना १९५२ सालीं निघाला, आणि डी. डी. टी. तयार करण्यासाठीं १९५४ सालीं सरकारनें स्वतःची कंपनी काढली. या द्रव्यांनीं जें दिलें तें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानांत हिंवतापाचे रोगी वर्षाला साडेसात कोटि आणि मृत्यु आठ लाख असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घराघरांच्या भिंती फवारल्या गेल्या, आणि १९६५ सालीं रोग्यांची संख्या सुमारें एक लाखावर येऊन मृत्यूची नोंदच उरली नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांस हिंवताप म्हणजे काय हें सांगावयास नको; त्यांनीं या औषधाचे आभार मानले असतील तर त्यांत नवल नाहीं.

परंतु पुढचा कागद वाचावा. १९७६ सालीं रोग्यांची संख्या पुनः चौसष्ट लाखांवर गेली. मोहिमेंतली ढिलाई हें त्याचें एक कारण. पण डासांच्या अंगीं औषध पचविण्याची शक्ति आली होती, हें दुसरें. १९५३ चा हिशेब निराळा काढला तर विजय दिसतो आणि १९७६ चा निराळा काढला तर पराजय. दोन्ही जोडून पाहिले म्हणजे कळतें कीं, पराजयाचें बीज काहीं अंशीं विजयाच्या साधनांतच होतें.

कपाशीची कथा अशीच आहे. १९७० सालीं सुरतेस एच-४ ही जगांतील पहिली व्यापारी संकरित कपाशी निघाली. लांब धागा, मोठें बोंड, मोठी आशा. पण पीक अधिक महिने उभें, खत अधिक, आणि कोंवळ्या पानांवर किडीहि अधिक. १९८० च्या सुमारास पायरेथ्रॉइड जातीचीं नवीं औषधें आलीं. पहिलीं कांहीं वर्षें त्यांनीं बोंडअळीचा फडशा पाडला. मग अळीचे शत्रु असलेले ढालकिडे व क्रायसोपा फवाऱ्यांत मेले, पांढरी माशी बळावली, आणि १९८७ सालीं आंध्रांत हिरव्या बोंडअळीपुढें फवारण्यांमागून फवारण्या निष्फळ ठरल्या. देशाच्या पिकाऊ जमिनीपैकीं सुमारें पांच टक्के जमीन कपाशीखालीं, आणि कीटकनाशकांचा जवळजवळ निम्मा खप त्या पांच टक्क्यांवर, असें त्या काळीं सांगितलें जाई. २००२ सालीं बीटी कपाशी आली. हिरव्या बोंडअळीवरची फवारणी उतरली आणि शेतकऱ्यानें निःश्वास टाकला. पण रसशोषक किडींसाठीं पंप पाठीवर राहिलाच, आणि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें बीटीचीं बोंडेंहि महाराष्ट्रांत पोखरलीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन या विषानें दूषित झालेलें अन्न खाऊन शंभरावर माणसें मेलीं. वाहतुकींत विष आणि धान्य एकत्र आलें होतें. त्यावर चौकशी झाली, पुढें प्रा. मा. स. ठाकर यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांची समिति बसली आणि १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें नोंदणी समिति प्रत्येक औषध तपासते: तें गुणकारी आहे काय, आणि माणसांस व जनावरांस निर्धोक आहे काय. ज्या भयानें कायदा जन्मला तें भय एका विषाच्या एका घोटाचें होतें. म्हणून त्याची तपासणीहि एकेका विषाची झाली. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. रॅशेल कार्सन यांचें प्रसिद्ध पुस्तक १९६२ सालचें. सांचत जाणाऱ्या विषाची जाणीव त्या वेळीं जगांतच नवी होती.

पण शेतांत औषध एकटें कधींच येत नाहीं. बेरजेचे तीन प्रकार लक्षांत घेतले पाहिजेत. पहिली बेरीज काळाची. डी. डी. टी. मातींत वर्षानुवर्षें टिकतें, चरबींत सांठतें आणि गवतांतून गाईंत, गाईंतून दुधांत चढत जातें. बारा राज्यांतील दुधाच्या तपासणीचा जो अहवाल १९९३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत बहुसंख्य नमुन्यांत हें द्रव्य सांपडलें होतें. शेतींतला त्याचा वापर १९८९ सालींच बंद झाला असतांहि ही स्थिति.

दुसरी बेरीज मिश्रणाची. सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील सर्व विषें शरीरांतील कोलिनेस्टेरेज नांवाच्या एकाच द्रव्यावर घाला घालतात. समजा, अशीं पांच औषधें एका मजुराच्या अंगीं गेलीं आणि प्रत्येकाचें प्रमाण त्याच्या मर्यादेच्या ३० टक्के भरलें. पांचहि कागदांवर ‘निर्धोक’ असा शेरा पडेल; पण बेरीज दीडशें टक्के होईल, आणि शरीर बेरीजच ओळखतें. कारखान्यांतून तयार होऊन येणाऱ्या मिश्रणांची नोंदणी होते. परंतु शेतकरी पिंपांत स्वतः जें कालवतो त्याची कोण करणार? २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें गेलीं. हीं माणसें आपल्याच प्रांतांतलीं, आपल्यासारखींच कपाशीवर जगणारीं.

तिसरी बेरीज सजीवांच्या प्रत्युत्तराची. कीड शिकते, तिचे शत्रु मरतात आणि प्रत्येक फवारणी पुढच्या फवारणीस निमंत्रण देते. ही बेरीज प्रयोगशाळेच्या बाटलींत दिसत नाहीं. ती शिवाराशिवारांतून आणि वर्षांच्या ओघांतच दिसते.

अमेरिकेनें १९९६ सालच्या कायद्यानें दुसऱ्या प्रकारची बेरीज मांडणें बंधनकारक केलें: ज्या विषांची क्रिया एक, त्यांचा धोका एकत्र मोजावा. आमच्याकडे वाट निराळी पडली. बी. एच. सी. १९९७ सालीं गेलें, एंडोसल्फान २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें थांबविलें, प्रा. अनुपम वर्मा यांच्या समितीनें ६६ औषधें तपासलीं, आणि त्यानंतर २०१८ च्या आज्ञेनें अठरा औषधांवर बंदी आली. त्यांत फोरेट होतें, ज्यास शेतकरी ‘थिमेट’ म्हणतो आणि जें रावेर-यावलच्या केळीच्या बुडाशीं घालण्याचा परिपाठ होता. त्याचा शेवट २०२० च्या अखेरीस ठरला. हीं सारीं पाउलें योग्यच. परंतु एक विष उठतें आणि दुसरें त्याच्या जागीं बसतें, आणि वावरावरचा एकूण भार वाढला कीं घटला, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

यावर आक्षेप येईल तो असा, कीं इतकीं कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतां अमुक हानि अमुक औषधाची, हें सिद्ध कसें करणार? तें पुष्कळदां सिद्ध होणार नाहीं, हें कबूल. पण इतिहासकारासहि कोणत्या एका पत्रामुळें राज्य बुडालें, हें सिद्ध करतां येत नाहीं. म्हणून तो दफ्तर लावणें सोडीत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा चौकशीचा आसूड अखेर शेतकऱ्याच्याच पाठीवर पडेल. तो पडूं नये, हें चौकशी करणाऱ्यानें आरंभींच ठरविलें पाहिजे. कर्ज काढून औषध घेणारा, तें तोंडावर पंचा बांधून फवारणारा, आणि फवारलेल्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायका, हे या प्रकरणांतले आरोपी नव्हेत. तें विष प्रथम त्यांच्याच अंगावर पडलें आहे.

काम अशक्य कोटींतलें नाहीं. पांझरा, गिरणा, बोरी यांपैकीं एकेक लहान खोरें निवडावें. त्यांतील गांवांत कोणतें औषध किती आलें, हें दुकानदाराच्या वहीवरून व शेतकऱ्याच्या सांगण्यावरून वर्षवार उतरून घ्यावें. विहिरींचें पाणी, शेताची माती, तापीवरच्या हतनूर धरणाचा गाळ, मासे, मध, दूध, फवारणी करणाऱ्याचें रक्त यांची ठराविक काळानें तपासणी व्हावी. समान क्रियेच्या विषांची बेरीज एकत्र करावी. निष्कर्ष आधीं त्या गांवाच्या चावडींत, मराठींत, वाचून दाखवावे, आणि मग दिल्लीस धाडावे. धुळ्यास कृषि महाविद्यालय आहे, जळगांवास केळीचें संशोधन केंद्र व विद्यापीठ आहे. हातांची वाण नाहीं.

धरणाचा गाळ दरवर्षीं थरावर थर बसत जातो. खालचा थर जुन्या विषाचा, वरचा नव्याचा. त्या थरांत नोंद आपोआप होत आहे, आणि ती फाडतां येत नाहीं. राजवाड्यांच्या वेळीं कागद वाळवीच्या तोंडीं पडत होते म्हणून त्यांना घाई होती. या दफ्तरास वाळवी लागावयाची नाहीं. पण त्यांतील मजकूर आपण जितका उशिरां वाचूं, तितका तो आपल्या मुलांच्या अंगावर लिहिला जाईल. घाई आपणांसहि आहे.