शोकनायक

शोकात्म नाटकात स्वतःच्या निर्णयामुळे किंवा प्रमादामुळे विनाश पावणारे प्रमुख पात्र. ही संकल्पना ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रविवेचनातून आली. त्यात नायक प्रतिष्ठित असून त्याचा ऱ्हास दुष्टपणामुळे नव्हे, तर प्रमादामुळे होतो (पहा : शोकात्मिका). संस्कृतात असा नायक विरळाच. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मात्र दुर्योधन रंगमंचावरच मरतो. मराठीत आगरकरांनी ‘हॅम्लेट’ ही शोकात्मिका ‘विकारविलसित’ (1883) या नावाने आणली.

राजपद गेले तरी शोकनायक टिकला, हे मराठी नाटक दाखवते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (पहिला प्रयोग 1919) सुधाकर हा साधा वकील. दारूचे व्यसन ही शोकांतिका नव्हे, ती केवळ अधोगती, असा आक्षेप घेता येईल. पण त्याचा पहिला प्याला सनद स्थगित झाल्याच्या अपमानातून येतो. अपमान न सोसणारा त्याचा मानीपणा हाच गुणही आणि घातही. ग्रीक शोकनायक ईडिपसचा सत्यशोधही असाच दुधारी आहे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (1970) गणपतराव बेलवलकर राजा लिअरप्रमाणे सर्वस्व मुलांना वाटून टाकतात; पण बेलवलकरांकडे राज्य नसते, भूमिकांची स्मृती असते. जुन्या नायकाच्या पतनाने नगर हादरते, येथे फक्त घर. म्हणून हानी लहान ठरत नाही, कारण प्रेक्षक त्या घराला ओळखतो. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (1972) दोष व्यक्तीइतकाच सत्तेच्या रचनेत आहे, त्यामुळे घाशीरामला शोकनायक म्हणणे अपुरे ठरते (पहा : मराठी रंगभूमी).